गाळाचं कूळ

चिखल वर आला तेव्हा त्याला सडक्या अंड्यांचा वास होता.
रोसामेल म्हणाला, एवढी पुरुषभर नळी सोडली
आणि मिळालं काय, तर समुद्राचं शेण.
मी हसले नाही. नळी आडवी घेतली
आणि लांबीवर चिरली,
मासा चिरतात तशी, पोटाकडून.

आयसेनच्या या फ्योर्डमध्ये पाऊस थांबत नाही,
नुसता कूस बदलतो.
रोसामेल चिगुआयची होडी पिवळी, इंजिनाला दमा.
चार वर्षं तो मला याच जागी आणतो,
दोनशे दहा मीटर पाण्यावर,
आणि दर खेपेला विचारतो:
तुमचं हरवलंय तरी काय खाली?

काय सांगू.
डोंगरावर पान गळतं, ओढ्यात पडतं,
नदी ते इथे आणून सोडते.
शेवाळाचा कण पाण्यातच जन्मतो, पाण्यातच मरतो,
सावकाश खाली बसतो.
तळाशी दोघांचा रंग एकच,
हिरवट तपकिरी, तोंड न उघडणारा.
नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये म्हणतात;
मला पगार विचारण्याचाच मिळतो.

एकेक सेंटिमीटर वेगळा करायचा.
गोठवून सुकवायचा, खलायचा,
आम्लाच्या वाफेत रात्रभर ठेवायचा.
शिंपल्यांचा कार्बन फसफसून निघून जातो,
उरतो तो, जो कधीतरी कुणाच्या तरी अंगाचा होता.
मग मुगाएवढी चांदीची वाटी, आणि भट्टी.
यंत्र आकडा देतं:
उणे वीसच्या आसपास, तर समुद्राकडचा.
उणे अठ्ठावीस, तर रानाकडचा.
मधलं सगळं एकत्र कुटुंब,
कुणाचा वाटा किती हे भांडून ठरवायचं.

लाकूड तेवढं लपत नाही.
तोडलं की त्यातून व्हॅनिलिन निघतं,
हो, तेच, केकमधलं.
वास येण्याइतकं नसतं,
पडद्यावर नुसतं एक टोकदार शिखर,
आणि मला कळतं, इथे सायप्रस येऊन पडला आहे.

एकतीस ते चौतीस सेंटिमीटर.
काळं.
बोट फिरवलं तर कागदावर रेघ उठेल इतकं काळं.
शिशाच्या घड्याळाने साल दिलं, एकोणीसशे चव्वेचाळीस,
पाचेक वर्षं इकडे किंवा तिकडे.

ते दाखवायला मी त्याच्या घरी गेले, चाकाबुकोला.
चुलीजवळ कपडे वाळत होते.
एदुविनाने मातेचं भांडं पुढे केलं.
रोसामेलने फोटो हातात घेतला,
खिडकीशी नेला, परत आणला.

"हा बेलार्मिनो," तो म्हणाला. "माझा आजा."

तेव्हा जो रान साफ करील त्याच्या नावे सातबारा;
कसेल त्याची नव्हे, जाळेल त्याची जमीन.
बेलार्मिनोने फेब्रुवारीत काडी लावली,
दोन ओंडक्यांपुरती, म्हणायचा.
मे महिन्यापर्यंत डोंगर जळत राहिला,
भर दुपारी कंदील लावून जेवायचे.
मेंढ्या आल्या. मग उघडा उतार पावसात सरकू लागला.
मेंढ्या गेल्या.
किनारा सॅमनवाल्यांनी घेतला.

सगळ्यात वर, दोन बोटं जाडीचा थर,
त्यांच्या पिंजऱ्यांखालचा. त्यात
कुठल्या तरी दूरच्या शेतातलं सोयाबीन आहे,
माशाच्या आतड्यातून आलेलं.
हे मी सांगितलं नाही. त्याचा मुलगा तिथेच कामाला आहे.

"तुमचं यंत्र सांगतं का, कुणी पेटवलं ते?"
नाही, म्हटलं. काय जळलं एवढंच.
"मग बरं आहे," तो म्हणाला,
आणि बराच वेळ काही बोलला नाही.

एदुविना राखेची बादली घेऊन दाराकडे निघाली,
रोजच्यासारखी, धक्क्यावरून पाण्यात ओतायला.
थांब, तो म्हणाला.
ती थांबली.
मग म्हणाला, नाही, ओत.
लिहून ठेवतात ही माणसं.