अभ्यासक्रमाबाहेरचा राजवाडा

आठवी ब, संकेश्वर. खिडकीतून
बाजारातल्या मिरच्यांचा ठसका आत यायचा
आणि जिनगोंडा मास्तर खडूनं
इंग्लंडच्या एका राजाचा महाल बांधायला घ्यायचे.
दोन चौक. आठकोनी बुरूज.
भिंतभर चुन्यातले देव
आणि देवांच्या कडेनं काळ्या दगडाच्या पट्ट्या.
"तुमच्या पाटीचाच दगड, पोरांनो,
पण सोन्याचं पाणी दिलेला."
नावच ठेवलेलं: असा दुसरा नाही.

तपासणीला आलेले साहेब पुस्तक चाळत राहिले,
मग कन्नडात विचारलं, हे कुठल्या धड्यात आहे?
मास्तर म्हणाले, "धड्यात नाही सर.
आता कुठंच नाही."

आम्हाला पाडापाडी आवडायची.
राजा मेला तेव्हा काम अपुरंच होतं.
मग एक राणी आली, मग आणखी कोण कोण,
शेवटी एकानं तो मर्जीतल्या बाईला देऊन टाकला
आणि बाईवर जुगाराचं देणं.
तिनं विकला. शिसं वजनावर, लाकूड गाडीवर,
दगड ज्याला हवे त्याला.
कल्लाप्पा मागून ओरडायचा,
"सर, दारं कितीला गेली?"
त्याचा बाप गडहिंग्लज रोडला
जुन्या दारांचा धंदा करायचा.

मग मास्तर डस्टर घ्यायचे.
पुसता पुसता थांबायचे. तिथं,
महालाच्याही आधी काढलेला,
एक बारीक चौकोन असायचा. चर्च.
भोवती वीसेक घरं.
"हे गाव उठवलं राजानं. शिकारीला जागा चांगली होती.
उभं पीक होतं का? बैलं कुठं नेली?
तीन पुस्तकं बघितली मी. राणीचे झगे मोजलेत.
ह्यांचं काही नाही."
तो चौकोन ते पुसायचे नाहीत.
पुढच्या तासाला गणिताचे सर पुसायचे.

त्यांचं स्वतःचं गाव हिडकलच्या पाण्यात गेलेलं
हे आम्हाला मे महिन्यात कळलं,
पाणी हटल्यावर चौघांना सायकलीवरून तिकडं नेलं तेव्हा.
भेगाळलेला गाळ, शिंपले, एक उलटं जातं.
मास्तर चपला हातात घेऊन पावलं मोजत चालले,
"बस्तीची पायरी. चावडी. इथं आमचा हौद."
"काय दिसंना की सर," कल्लाप्पा म्हणाला.
"दिसंना. पण तू अलीकडनं ये.
तिथं विहीर आहे, पडशील."

परवा कंपनीनं लंडनला पाठवलं. रविवारी
आगगाडीनं त्या बागेत गेलो.
तीन दगडी खांब, कुत्री हिंडवणारी माणसं.
फलकावर वाचलं: खणलं तेव्हा आतल्या चौकाखाली
चर्चचा पाया मिळाला,
भोवती पुरलेली माणसं, जागच्या जागी.

फोन लावला. मास्तर आता एकोणऐंशीचे, कानाला कमी.
"महालाखाली गाव सापडलं, सर!" मी ओरडलो.
दोन कुत्री थबकली.
पलीकडं बराच वेळ नुसता मिक्सरचा आवाज.
मग विचारलं,
"गवत कसं आहे?"
"गुडघाभर. हिरवंगार."
"मग कोण चरालंय तिथं?"
"कोणी नाही, सर."
"काय म्हणालास," मास्तर म्हणाले,
"फुकट चाललंय की."