दर अठ्ठाविसाव्या दिवशी

पेनिसिलिन फ्रीजमधून काढलं की घट्ट असतं, पिठल्यासारखं.
तसंच टोचलं तर मांडी दोन दिवस ठणकते.
म्हणून मी सिरिंज मुठीत धरून बसते,
पक्ष्याचं अंडं सापडल्यासारखी,
आणि रोंगोमाई तोवर सांगत राहते
नेटबॉलचं, वर्गात कोण कोणाशी बोलत नाही त्याचं.

अकरा वर्षांची आहे. एकविसाव्यापर्यंत घ्यायचीत.
वर्षाला तेरा, म्हणजे एकशे तीस,
हिशेब तिनेच करून दाखवला,
गणितात हुशार आहे.

नुसता घसा दुखला होता.
बाबा रात्रपाळीला, गाडीचं पासिंग संपलेलं,
दवाखाना पाचला बंद,
फोनवर बराच वेळ बासरी वाजत राहिली.
मग घसा आपोआप बरा झाला
आणि तीन आठवड्यांनी गुडघे सुजले,
मग हृदयाची एक झडप.

पोरिरुआत जून म्हणजे ओला हिवाळा.
एकाच खोलीत हीटर, म्हणून पाचही मुलं त्याच खोलीत,
गाद्या एकमेकींना चिकटवून.
भिंतीवरची काळी बुरशी आई शनिवारी व्हिनेगरने पुसते,
बुधवारी ती परत हजर.
या घरात भाडं न भरता राहणारी ती एकटीच.

फॉर्मवर मी लिहिलं : माणसं नऊ.
आजोबांनी दुरुस्त केलं, दहा.
दहावी त्यांची बायको, फोटोतली.
तिच्याही काचेला आतून दव.
चव्वेचाळिसाव्या वर्षी गेली, हृदयानेच.
माझी आई ऐंशीची आहे.
मंगळवारी आणि शुक्रवारी पोहायला जाते.

मी खाडीच्या पलीकडे राहते.
स्वयंपाकघराच्या खिडकीतून यांच्या गल्लीतले दिवे दिसतात,
सुंदर दिसतात, हे सांगायला लाज वाटते.
त्याच जूनमध्ये माझ्या फेलिक्सचाही घसा धरला होता.
सकाळी कापसाचा बोळा फिरवला, दुपारी रिपोर्ट,
संध्याकाळी केळ्याच्या वासाचं औषध.
शनिवारी तो फुटबॉल खेळला.
मी ते विसरूनही गेले होते.

जंतूला पत्ता वाचता येत नाही,
असं आम्हाला कॉलेजात शिकवलं.
येत नसेल.
कोणीतरी वाचून दाखवत असणार.

आज रोंगोमाईने विचारलं,
"तुमच्या मुलाला कोण टोचतं?"
"त्याला नाही लागत."
"का? त्याचा घसा कधीच दुखत नाही?"

सिरिंज एव्हाना कोमट झाली होती.
मी तरी मूठ सोडली नाही.
बाहेर कोणीतरी गाडी चालू करत होतं,
ती चालू होत नव्हती.

मी विचारलं, "डावी की उजवी?"
ती म्हणाली, "तुम्हाला माहितीये."
आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.