उतरायच्या वाटा

नकाशा टेबलावर मावेना,
म्हणून फरशीवर पसरलाय.
तीन कोपऱ्यांवर मीठ, साखर, घेवड्याचा डबा,
चौथ्यावर मामोलिबेली आत्याचा पाय.
ती खुर्चीतून हलायला तयार नाही
आणि हल म्हणायची छाती
या घरात कुणाची नाही.

सेबाबात्सो बोटाने कडा गिरवते,
सेंटिनेलखालच्या वाहनतळापासून
साखळीच्या शिड्या चढून थेट कॅथीड्रल शिखरापर्यंत.
उंचीच्या रेषा इतक्या एकमेकींना चिकटलेल्या
की छापणाऱ्याचा हात थरथरला असेल वाटतं.
पाच दिवस. चार मुक्काम.
तिचा उजवा गुडघा मोजला तर सहा.

एप्रिलची अखेर ठरली.
तोवर विजा बडबडून दमलेल्या असतात,
बर्फाला अजून अवकाश असतो.
रात्री पाणी गोठणार,
तेव्हा बाटली उशाला नको, पांघरुणात, पोटाशी.
मक्याचं पीठ, ओट्स, सुकं मांस,
पातेलं एक. चमचा?
यावर अर्धा तास गेला.
दोन चमच्यांचे साठ ग्रॅम भरले काट्यावर.
ती म्हणाली, असू दे,
तेवढं तरी वजन मैत्रीला हवं.

या आढ्यावरचं पाणी दोन वळचणींना जातं,
थुकेला पूर्वेच्या समुद्राला, सेन्कू पश्चिमेच्या.
आम्हाला मधल्या आढ्यावरून चालायचंय,
कुणाच्याच बाजूने न सांडता.

त्सेलिसो वर मेंढ्या राखतो.
ठरावीक धोंड्यावर चढला तरच त्याच्या फोनला रेंज येते,
म्हणून त्याच्याशी बोलणं रविवारी, आणि वाऱ्याच्या मर्जीने.
तिसऱ्या दिवशी झऱ्याला पाणी असेल का, मी विचारलं.
झऱ्याला विचारून सांगतो, म्हणाला.
मग गंभीर झाला:
धुकं आलं तर बसा.
धुक्यात चालणाऱ्याला कडा बरोबर सापडतो.
आणि येताना टॉर्चचे सेल आणा, जाडे.

मग लाल पेन्सिल घेतली.
इथे गुडघा गेला तर या खिंडीने खाली,
इथे वादळ गाठलं तर मागे,
ही घळ नको, दगड निसटतात,
ही चालेल, पण उजेड असेल तोवरच.
चालायची वाट एका रेघेत संपली होती.
उतरायच्या वाटांनी सगळी पूर्वेची बाजू
फाटलेल्या गोधडीसारखी दशादशांची झाली.

"म्न्वेनी?" आत्या एकदम बोलली.
चष्मा नाही, तरी तिचा अंगठा बरोबर खिंडीवर.
"इथून मी गाढवं घेऊन उतरलेय.
लोकर खाली, मका वर."
किती दिवस लागायचे?
"ते गाढव ठरवायचं."
बरोबर काय घ्यायचीस?
"अंगावर घोंगडं. थोरला पोटात."
सेबाबात्सोने पेन्सिल खाली ठेवली.

"एकदा धुकं बसलं ते उठेचना.
दोन रात्री गाढवाच्या पोटाला पाठ लावून बसले.
त्याचं आतडं गुरगुरायचं,
मला वाटायचं, कुणीतरी घरात आहे."
आणि कडा? कडा कसा दिसतो तिथून?
आत्याने आठवून पाहिलं, खरंच पाहिलं.
"उतरताना पायाखालचा दगड दिसतो, पोरी.
वर जाताना गाढवाचं ढुंगण."

हसता हसता तिचा पाय उचलला गेला
आणि कोपरा सुटून नकाशा गुंडाळत आला,
कॅथीड्रल, दोन खिंडी, आमचा चौथा मुक्काम,
थेट म्न्वेनीपर्यंत.

रात्री मी यादी पुन्हा लिहिली.
सहाव्या दिवसाखाली एक ओळ वाढवली:
सातवा दिवस, बसायला.
त्याचं पीठ वाढलं, त्याचा गॅस वाढला,
पिशवी पुन्हा पाठीला जड झाली.
म्हणून एक चमचा काढलाय.
कुणाचा, ते अजून ठरायचंय.