घट

आमचं आडनाव मापारी.
पणज्यानं लोणारच्या तळ्यावर काटा धरला,
मी मेहकरच्या दुकानात
पापडखाराच्या पुड्या बांधतो.

त्याची वही आहे माझ्याकडे, मोडीतली.
देव्हरे गुरुजी वाचून देतात,
आठवड्याला दोन पानं, एका चहावर.

पहिल्या पानावर मालाच्या जाती:
डल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी.
साबणवाले काय नेत, बांगड्यांची भट्टी काय मागे,
धोब्याच्या वाट्याला काय उरे.

वैशाखात पाणी मागं सरलं की
बाया मांड्यांइतक्या चिखलात उतरत.
तिथं, तळाशी, खाराला भाव नव्हता,
तळ्याच्या वासासारखा फुकट.
भाव चढणीवर लागायचा,
पावलागणिक, टोपल्याखालच्या मानेला.

वर आणून वाळवला की खार हलका होई.
सकाळी चाळीस शेर, चौथ्या दिवशी तेहतीस.
या सात शेरांना वहीत वेगळा रकाना: घट.
मक्तेदार म्हणे, घट मजुरीतून कापा.
पणजा लिहितो, "कापली."
शाई तिथं जरा जाड आहे.

खर्चाच्या बाजूला दर हंगामी एक ओळ:
करडीचं तेल, पायांस, पाव शेर.
खार भेगांत शिरायचा,
बाया रात्री तेलाच्या चिंध्या बांधून निजत.

मग जालन्याला आगगाडीनं कारखान्याचा सोडा उतरला,
पांढरा, एकसारखा, पोत्यावर शिक्का,
मणामागं सहा आणे स्वस्त.
मक्तेदारानं हिशेब नव्यानं मांडला.
दोन बैल विकले. पोती जुनी घेतली.
आणि तेलावर रेघ.

गुरुजींनी चष्मा काढला.
"पाव शेर तेलानं धंदा वाचतो का हो?"
नाही वाचला.
दोन हंगामांनंतर पानं कोरी आहेत,
एकावर फक्त बशीचा डाग, तोही बहुतेक माझाच.

काल द्रुपदाबाई सरकटे आली, पापडांचे दिवस.
"पन्नास ग्राम दे. अन् कागदाचं वजन धरू नको."
"धरतो का मी कधी?"
"तुह्या खानदानीचा काय भरोसा!
मही आजी सांगे, तळ्यात भरलेलं टोपलं
मापाऱ्याच्या काट्यावर आटते."
हसून बोलली. मीही हसलो.

दुसऱ्या पारड्यातही तेवढाच कागद ठेवला,
वर चिमूटभर जास्त टाकला.
तिनं पाहिलं नाही, पैसे मोजत होती.

ती गेल्यावर बोटाची चीर चुरचुरत राहिली.
पापडखारच तो, आणखी काय.