पक्षी असलेलं नाणं

वूहूच्या धक्क्यापासून तिसऱ्या गल्लीत आमचं दुकान.
दार अरुंद, उजेड बेताचा,
म्हणून काटा खिडकीत ठेवलाय.

दुपारी येनछिंग आला, पार्सलं पोचवणारा पोरगा.
हेल्मेट काढलंच नाही त्यानं.
लहान मुलाच्या मोज्यात गुंडाळून आणलेलं
नाणं काचेवर ठेवलं, आणि हात मात्र
त्याच्यापासून लांब नेला नाही.
पणजोबा मिठाची पोती वाहायचे, म्हणाला.
एका अख्ख्या हिवाळ्याची मजुरी, ही एवढी.
भिंत पाडताना चुन्यात सापडली.
सेकंडहँड व्हॅनमध्ये अर्धी भागी घ्यायचीय.
"बत्तीसावं वर्ष लिहिलंय," त्यानं बोट ठेवलं.

उजवीकडून वाच, मी म्हटलं.
त्या काळी अक्षरं उलटी चालायची.
तेवीस.

मग मी भिंग लावलं.
दोन शिडांची नाव. ठीक.
कडेच्या रेघा नीट, जोड दिसत नाही.
काळेपणा खाचांमध्ये मुरलेला,
बुटाच्या पॉलिशचा वास नाही.
आणि शिडाच्या वर
तीन पक्षी.

एकविसाव्या वर्षी होते ते, आणि उगवता सूर्यही.
पुढच्या वर्षी टाकसाळीनं दोन्ही काढून टाकले.
म्हणतात, सूर्य शत्रूचा वाटायला लागला
आणि पक्षी विमानांसारखे.
तेविसाव्या वर्षीच्या आभाळात
पक्षी नसायला हवेत.

हे पोराला सांगायचं कसं, म्हणून
मी उगाचच दुसऱ्यांदा वजन केलं.

बाबा मागे स्टुलावर, सूर्यफुलाच्या बिया सोलत.
एके काळी दोन नखांच्या चिमटीत
नाणं बरोबर मधोमध धरून
कडेवर फुंकर घालायचे, कानाशी न्यायचे.
खऱ्या चांदीचा आवाज लांबत जातो,
चहा गाळून होईपर्यंत ऐकू येतो, म्हणायचे.
आता कानांत काहीच शिरत नाही.
तरी हात पुढे केला. मी दिलं.

फुंकर मारली नाही.
नाण्याची कड दातांत धरली, पुढच्या दोन,
स्वतःचे राहिलेत तेवढ्याच,
आणि नखानं टिचकी मारली.
डोळे मिटले.
हाडातून ऐकत होते.

"चांदी चोख," ते मोठ्यांदा म्हणाले,
बहिरी माणसं बोलतात तसं, सगळ्या गल्लीला.
"नाणं खोटं."

येनछिंग हसला. मग हसू तसंच राहिलं, विसरल्यासारखं.
"म्हणजे नक्की काय?"

म्हणजे कुणा सोनारानं
सरकारी चांदीइतकीच चांदी ओतून
सरकारचं खोटं नाव घातलंय.
कुणाला फसवलं, हिशेब लागत नाही.
चांदीचा भाव देता येईल, मी सांगितलं,
संग्राहकाचा नाही.
व्हॅनचं एक चाक येईल त्यात, फार तर.

बाबांनी नाणं परत दिलं नव्हतं.
नावेच्या खाली, पाण्याच्या रेघांत
अंगठा थांबला होता. पुन्हा तिथेच आला.
मी भिंग नेलं.

पाच ठिपक्यांचं फूल, मोहरीएवढं,
एक पाकळी तुटलेली.
तो ठसा आमच्या गल्ल्याच्या खालच्या खणात आहे.
आजोबांचा. तपासून घेतलेल्या नाण्यावर मारायचे.
पाकळी तुटली तरी बदलला नाही त्यांनी,
लोक ओळखतात, म्हणायचे.

आजोबांना पक्षी दिसले नसतील, असं होणार नाही.
ते मुंगीची मिशी मोजायचे.

येनछिंगनं मोज्याचं तोंड उघडून धरलं होतं.
विकणार नव्हता, बहुतेक. विचारलं नाही मी.
बाबांनी नाणं त्यात सोडलं, हळू,
उकडलेलं अंडं सोडावं तसं.
मग माझ्याकडे वळून,
पुन्हा सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं:

"त्या हिवाळ्यात
तांदूळ काय भाव होता गं?"