नाकाड्या, साडेनऊ किलो

फादर बुशे गेले तेव्हा सदरमधल्या खोलीतून
तीन झगे निघाले, एक चष्मा,
होमिओपॅथीच्या गोळ्या,
आणि पलंगाखाली पत्र्याची पेटी.
आत धर्माचंच काही असेल म्हणून
कुणी उघडली नाही.
ती थेट आली जगनाथ बुधवारीत,
गुणवंत नंदनवारच्या काट्यावर.

झाकण उचललं, तर नाकंच नाकं.
वांग्याएवढी, दुधीएवढी,
नळाच्या तोटीसारखी खाली वळलेली.
माणसं लहान, नाकं मोठी,
तोंडातून निघालेले फुगे
आणि फुग्यांत फ्रेंच.

पोळा आठ दिवसांवर होता.
मी खळ शिजवत होतो.
बडग्याच्या कामट्यांवर चिकटवायला
हीच रद्दी फाडायची होती.
"थांब बे," तो म्हणाला. "आधी पाहू तं दे."

फ्रेंच सोडा, त्याला मराठीही हिशेबापुरतं.
पण कागद कळायचा.
अंगठा आणि बोटात पान चोळून
तो त्या मासिकाचा इतिहास सांगू लागला.

हा पह्यला अंक. कागद उधारीचा.
शाई एकच, काळी, तेही पाणी टाकून.
चौघं असतील.
मोठ्या पेपरातून भांडून निघालेले.
"तुम्हाले कसं समजलं, भाऊ?"
"वरच्या चित्रात लात पाह्य.
अन् ज्याले बसली, त्याचं बूड मालकाचं हाय."

तिसऱ्या वर्षी लाल रंग आला.
लाल आला म्हणजे जाहिरात भेटली.
किंमत तीनाची पाच, पाचाची सात,
आकडे तेवढे सगळीकडे सारखेच रडतात.
एका अंकात मधोमध पांढरा चौकोन.
"इथं कोणता तरी साहेब चिडला."
पुढच्या अंकात त्याच चौकोनात
एकजण चटई टाकून झोपलेला.
गुणवंत एवढा हसला
की काट्यावरचं वजन पडलं.

एका चित्रकाराची सही म्हणजे गोगलगाय.
प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात, नखाएवढी.
मग एका अंकात तीच एकटी,
आख्ख्या पानावर.
फुगा नाही. शिंगं आत घेतलेली.
त्यानंतर कुठल्याच कोपऱ्यात नाही.
गुणवंत काही बोलला नाही.
तो अंक त्यानं गल्ल्याखाली सरकवला.

नंतरचा कागद गुळगुळीत, चकचकीत.
पैसेवाल्यानं विकत घेतलं असेल.
"पाह्य," तो म्हणाला,
"कागद सुधरला का नाकं लहान होतात."
खरंच लहान झाली होती.
पुढे पानं कमी, पिना गंजलेल्या,
आणि एकदम पेटीचा तळ.
मासिक बंद पडलं
की फादरांची वर्गणी संपली,
ते कागदावरून कळत नाही.

आणखी एक. जागोजाग समासात
पेन्सिलीची बारीक टिंबं होती.
पहिल्या अंकात पानभर, मुंग्यांसारखी,
शेवटी शेवटी अंकाला एखादं.
"हसू आलं तिथं खूण केली बाप्पानं,"
गुणवंत म्हणाला.
"हिशेब द्या लागत असन कुठं तरी."

त्या वर्षीचा बडग्या पाणीपट्टीवरचा.
साहेबाला नाक दिलं पावणेतीन फूट,
तोटीसारखं, टोकाला थेंबही नाही.
आतून सगळं फ्रेंच.
मारबतीमागे गर्दीत तो हलत गेला,
लोक ओरडले, पोरं नाकावर लोंबकळली,
आणि तलावाशी पेटला तेव्हा
फुगे एकेक करून काळे पडत वर गेले.
कोण कुणाला काय म्हणालं होतं,
कुणालाच कळलं नाही.

गल्ल्याखालचा अंक आता माझ्याकडे आहे.
धरमपेठेत फ्रेंच शिकवणाऱ्या बाईंना दाखवला.
गोगलगाय पाहून म्हणाल्या,
यात भाषांतर करण्यासारखं काही नाही.

खरं आहे.
पण पानाच्या समासात एक टिंब आहे,
बाकीच्यांपेक्षा जाड.
फादर इथंही हसले असतील,
किंवा नुसतेच
पेन्सिल टेकवून बसले असतील.