तांबडं फुटेपर्यंत

तांब्या म्हणतो आपण,
पण घरातला तांब्या कधीच स्टीलचा झाला.
तांबं उरलं ते टॉवरच्या बुडाशी,
तीन खड्ड्यांत, मीठ-कोळशात पुरलेलं.
त्याची राखण माझ्याकडं.
रात्री आठपासून तांबडं फुटेपर्यंत,
पगार कंत्राटदाराला आठवेल तेव्हा.

जतच्या पूर्वेला, उमदीच्या अलीकडं
माळ असा, की मारलेली हाक
परत यायचा कंटाळा करते.
बाभळीसुद्धा लांब लांब उभ्या,
वाटण्या झालेल्या भावकीसारख्या.

मिरजेच्या इरफान मुजावरनं शिकवलं :
"सिद्राया, अर्थिंगला रोज एक घागर. चुकवू नको.
वीज पडली तर जाणार कुठं?
तिला वाट पाहिजे. वाटेला ओल पाहिजे."
टँकर आठवड्यातनं दोनदा.
गुरव्वा म्हणायची, पोरांची आंघोळ खड्ड्यात ओततोस.
लिंब लावला असतास तर सावली तरी पडली असती.
मी ओतत राहिलो.
माती पाणी पिते तो आवाज
रात्री माळावर फार मोठा होतो.

त्या अवसेला मी घरी होतो.
खोटं कशाला बोलू.
धाकटी तापानं फणफणली होती.
थोरला म्हणाला, तू बस तिच्याजवळ,
टॉवरकडं मी चक्कर मारून येतो.

पहाटे गेलो. तांबडं फुटत होतं
आणि तांबं गेलेलं.
खड्डे उपसलेले, पट्ट्या कापलेल्या,
केबलची साल ओढ्यात जाळलेली.
दोन दिवस भाकरीला तो वास.
साहेब जीपमधनं उतरला,
तुझ्या वर्षाच्या पगाराएवढं नुकसान, म्हणाला,
आणि असं बघितलं
की मी माझेच हात पालथे करून बघितले.

पाचव्या दिवशी वळीव.
वीज आली. तिला वाट सापडली नाही.
ती बिराप्पाच्या छपरात शिरली.
सहा शेळ्या, दाव्यासकट,
तोंडातला पाला तोंडात.

मग कंपनीला जाग आली.
तांब्याच्या जागी जस्त चढवलेलं लोखंड,
खड्ड्यावर काँक्रीटचं झाकण, पाण्यापुरतं भोक,
दार हललं की बोंबलणारा भोंगा,
आणि पाटी : येथे तांबे नाही.
खाली मी खडूनं कानडीतही लिहिलं.
चोर कुठल्या शाळेत गेला असंल, काय सांगावं.

एक गोष्ट पंचनाम्यात नाही.
उपसलेल्या मातीत एक चप्पल होती. डावी.
अंगठ्याला निळ्या नायलॉनचा टाका.
टाका कुणाच्या हातचा, मला कळतो.
फडताळातल्या डब्यात निळ्या दोऱ्याचं रीळ असायचं.
त्या दिवसापासनं दिसलं नाही.
मी विचारलं नाही.

हवालदाराला चप्पल दिली नाही.
पाटीखाली, फाटकाला टांगली.
लोक म्हणाले, बरं केलंस, टॉवरला नजर लागायची नाही.

थोरला आता बूट घालतो.
नवे आहेत, चावत असावेत, जरा लंगडतो.
गावात यायला फाटकावरनं जवळचा रस्ता आहे,
तो ओढ्याकडनं फिरून येतो.
एका ताटलीत आमचे हात जातात,
डोळे जात नाहीत.

वर्ष झालं. एक खिळा हलला नाही.
कंपनीच्या कागदावर श्रेय भोंग्याला.
भोंगा दिवाळीपासनं मुका आहे,
आत गांधीलमाशीचं घर.

लोखंडालाही ओल लागते, इरफान म्हणाला.
गुरव्वा आता काही म्हणत नाही.
दिवस मावळला की घागर भरून ठेवते,
उंबऱ्याच्या बाहेरच्या अंगाला.